सर्व्हरची रविवारची सुट्टी

सोमवारी सकाळी टोंगातल्या त्या बंदरात जहाज लागलं होतं आणि भोपळ्यांचे कंटेनर धक्क्यावर तापत पडले होते. तपासणीचा दाखला मिळाल्याशिवाय एकही कंटेनर वर चढणार नव्हता. दाखला निघायचा शेतमाल तपासणी कार्यालयाच्या आतल्या वेबसाइटवरून, आणि ती आज कोणालाच आत घेईना. जहाज दुपारच्या भरतीला सुटणार होतं. पुढचं कधी येईल ते देव जाणे, तोवर भोपळ्यांचं काय होतं ते सांगायला नको.

कार्यालयातले संगणक मेलेनाइते सांभाळायची. कागद बंद करा, वेबसाइट सुरू करा, असा हट्ट महिन्यापूर्वी तिनेच धरला होता. शिवाय धक्क्यावर तिच्या आईचेही भोपळे होते.

"पासवर्ड चुकलाय म्हणतंय," कार्यालयाचे प्रमुख फिनाऊसाहेब करवादले. "माझ्या बायकोचं नाव आहे ते! चुकेन कसा?"

"आता ते सगळ्यांनाच कळलं, साहेब. नंतर बदला."

"आणि कागदाचे कोरे दाखले तूच जाळायला लावलेस!"

मेलेनाइतेने कीबोर्ड स्वतःकडे ओढला. नवा पासवर्ड दिला, तोही नाकारला. दुसऱ्या संगणकावरून पाहिलं, तिथेही तेच. शेवटी वेबसाइट चालवणाऱ्या सर्व्हरच्या खोलीत जाऊन ती त्याच्यापुढेच बसली आणि नोंदी वाचू लागली. पासवर्ड सगळ्यांचे बरोबर होते. पासवर्ड तपासणारा मुख्य संगणक प्रत्येकाला वेळेचा शिक्का मारून परवाना देत होता आणि सर्व्हर तो परत धाडत होता, कारण त्याच्या मते ती वेळ अजून उजाडलीच नव्हती. तिने कोपऱ्यातली तारीख पाहिली. पठ्ठ्या कित्येक वर्षं मागे जाऊन बसला होता.

"हा बंद कोणी केला होता?"

"मी," दारातून विलिसोनी म्हणाला. कार्यालयाचा हा म्हातारा राखणदार महिनाभर ऑकलंडला मुलाकडे राहून नुकताच परतला होता. "शनिवारी. मी नेहमी सगळंच बंद करतो की."

"पण का, काका?"

"रविवारी अख्खं टोंगा चर्चमध्ये. होडी नाही, कुदळ नाही. आणि हे एकटंच घुमत बसणार? पाप नाही लागायचं?"

तिला हसावं की रडावं कळेना. सर्व्हरच्या घड्याळाची बॅटरी मेलेली होती; वीज गेली की बिचाऱ्याला आजचा वारही आठवत नसे. ती बॅटरी तपासणं तिचंच काम होतं. तिने वेळ लावली, यापुढे ती मुख्य संगणकाकडून आपोआप यावी अशी सोय केली आणि ओरडली, "साहेब, आता बघा!"

"शिरलो!" बाहेरून आरोळी आली.

दाखले भराभर निघू लागले. मेलेनाइते तिथेच फरशीवर बसली. तिचा जीव भांड्यात पडला होता.

"पोरी, माझी नोकरी जाणार का गं?"

"नाही हो काका. पण याला रविवारीही ड्यूटी आहे, नर्सबाईंसारखी."

"मग चालतंय."

तासाभराने आईचा फोन आला. मागे क्रेन खडखडत होती.

"चढले गं आपले भोपळे."

"आवाज का बसलाय तुझा?"

"सकाळपासून भांडतेय ना. सगळा गाव तुझ्या यंत्राच्या नावाने शिव्या घालत होता. मी म्हटलं, माझ्या लेकीने केलंय ते, उघडणार म्हणजे उघडणार." आई जरा थांबली. "खरं सांगू? मला काही खात्री नव्हती, बाई."

"मला तरी कुठे होती?" मेलेनाइते म्हणाली, आणि दोघी हसत सुटल्या.