फरक शून्य

माझ्या मामाने पाणीपुरवठा खात्यासाठी सत्तावीस वर्षांपूर्वी एक प्रोग्रॅम लिहिला, आणि आता मामाची कुणाला गरज उरू नये म्हणून खात्याने मला कंत्राटावर घेतलं. ती गरज कशी संपवायची हे मला शिकवायला निवृत्त मामालाच सल्लागार म्हणून परत बोलावलं. आम्ही दोघं एकाच टेबलाशी बसायचो. तो कोबोल या जुन्या भाषेतला कोड वाचून समजवायचा, मी तो नव्या भाषेत लिहायचो. अधूनमधून तो माझं कौतुक करायचा.

कोबोलला काहीही झालं नव्हतं. ती जाणणारी माणसं तेवढी संपत आली होती. नवा प्लॅटफॉर्म मायाळू होता. तिथे कोडला एकटं सोडत नाहीत, डोक्यावर एक कारभारी बसवतात. कोड घसरणार असं दिसलं की तो आधीच दंड धरतो, आणि मेमरीत ज्याची कुणी विचारपूस करत नाही ते उचलून बाहेर टाकतो.

"आमच्या वेळी आपलं आपण पडायचो," मामा म्हणाला. "आणि आपलं आपणच उठायचो."

"उठायचास कुठे, तसंच चालू ठेवायचास."

"तेच म्हणतोय."

प्रकल्पाच्या प्रमुखांना मी शून्यसाहेब म्हणायचो. त्यांचा नियम एकच होता: जुना प्रोग्रॅम जी यादी काढतो तीच नव्याने काढायची, अक्षर न अक्षर. फरक शून्य. जुन्या यादीत सतरावं पान कोरं यायचं, का ते मामालाही ठाऊक नव्हतं. नव्या यादीत सतरावं पान कोरं यावं म्हणून मी दीड दिवस खपलो. ते आलं तेव्हा शून्यसाहेबांनी माझी पाठ थोपटली. कोऱ्या कागदासाठी शाबासकी मला शाळेत कधी मिळाली नव्हती.

यादी होती कर्मचाऱ्यांच्या ज्येष्ठतेची. जो सगळ्यात वर, त्याला खात्याचं क्वार्टर. आता एकच क्वार्टर वाटायचं राहिलं होतं. ते मामाचं, तळमजल्यावरचं. महिन्याअखेरीस तो ते रिकामं करून मुलाकडे राहायला जाणार होता, आणि त्यानंतर खातं क्वार्टर देणंच बंद करणार होतं. नव्या प्रोग्रॅमच्या पहिल्या यादीतला पहिला माणूस तिथे जाणार होता.

माझे बाबा त्याच खात्यात पंप चालवतात. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो, लिफ्ट नाही. आईचे गुडघे गेल्यापासून ती वर्षभरात अकरा वेळा खाली उतरली, त्यातल्या नऊ वेळा डॉक्टरकडे. उरलेल्या दोन वेळा ती मामाकडे गेली आणि अंगणात खुर्ची टाकून नुसती बसली. काय बघतेस विचारलं तर म्हणाली, "जमीन."

त्या क्वार्टरची आमच्या घरात कुणी आशा धरली नव्हती. बाबांचं नाव यादीत नेहमी चाळिसाच्या आसपास असायचं. त्यांनी तीनदा अर्ज केला, तीनदा उत्तर आलं की यादी कॉम्प्युटरची आहे, तरी तपासून घ्यावी. तपासायची कशाशी, तर यादीशी.

एका मंगळवारी मला कारण सापडलं. मामाचा प्रोग्रॅम रोज संध्याकाळी चालायचा आणि त्या दिवशी ज्याची रुजू झाल्याची तारीख असेल त्याच्या नावावर एक वर्ष जमा करायचा. साधं, सुबक काम. पण एकोणतीस फेब्रुवारीला रुजू झालेल्या माणसाची तारीख चार वर्षांतून एकदा यायची. अख्ख्या खात्यात असा माणूस एकच. त्याला तेव्हाचे साहेब म्हणाले होते की उद्या ये, उद्या एक तारीख आहे. तो म्हणाला, आलोच आहे तर आजच घ्या. बाबा पहिल्यापासून असेच.

नोकरी अठ्ठावीस वर्षं. ज्येष्ठता सात.

त्या ओळीच्या वर मामाने रोमन लिपीत शेरा मारून ठेवला होता: २९ फेब्रु.चं नंतर बघू. पुढे त्याचं आद्याक्षर आणि पंचवीस वर्षांपूर्वीची तारीख.

"मामा, हे काय?"

मामाने चष्मा लावून ती ओळ वाचली. "हं. ते राहिलं."

"पंचवीस वर्षं?"

"आधी वाटलं, पुढच्या आठवड्यात करू. मग यादी बोर्डावर लागली. लागलेली यादी बदलली की लोक विचारतात, मग आधीच्या कशा होत्या? म्हटलं, जरा शांत होऊ दे."

"आणि मग तुला क्वार्टर मिळालं."

"मग क्वार्टर मिळालं," मामा म्हणाला.

बारा वर्षांपूर्वी. तेव्हा मामाची नोकरी पंधरा वर्षांची होती आणि बाबांची सोळा. यादीत बाबांची चार होती. मामाचा नोकरीचा अर्ज खात्यात नेऊन देणारा माणूसही बाबाच.

"तुझ्या मामीने पडदे शिवून ठेवले होते रे," मामा म्हणाला. पडद्यांनाही ज्येष्ठता असते हे मला नवीन होतं. "आता ते चुकीचं ठरलं तर चौकशी लागेल. पेन्शन अडकेल. तुझ्या आईला तरी बरं वाटेल का?"

मी बरोबर कोड लिहिला. नव्या भाषेत ते एका ओळीचं काम होतं. दोन्ही याद्या शेजारी ठेवल्या तर फरक एकाच माणसाचा आला. बाबा एकदम पहिल्या नंबरावर.

शून्यसाहेबांनी त्याच दुपारी मीटिंग लावली. समोर ते, इकडे मी आणि मामा.

"हा फरक का आला?"

"जुन्या प्रोग्रॅममध्ये चूक आहे," मी म्हणालो. "हा माणूस अठ्ठावीस वर्षं नोकरीत आहे, यादीत सातच धरलीत."

"जुन्यात चूक आहे हे कशावरून?"

"कॅलेंडरवरून."

"कॅलेंडर आपल्या प्रकल्पाच्या कक्षेत नाही," ते अगदी मनापासून म्हणाले. "तुम्ही तर लिहिलाय हा प्रोग्रॅम. तुम्ही सांगा काका, बरोबर कोणतं?"

मामाने पेनाचं टोपण काढलं, पुन्हा बसवलं. "जुनं बरोबर आहे. सत्तावीस वर्षांत एक चूक निघाली नाही."

"तीन तक्रारी आल्या होत्या," मी म्हणालो.

"त्या यादी बघून निकाली निघाल्या ना?" शून्यसाहेब म्हणाले. "मग झालं तर. सुधारणा हवी असेल तर फॉर्म भरून द्या. पहिली यादी लागली की विचार करू."

पहिली यादी लागल्यावर वाटायला क्वार्टरच उरणार नव्हतं. तो शेरा उघडून दाखवायला मला दोन क्लिक पुरल्या असत्या. मामा माझ्याकडे बघत नव्हता. टेबलावरच्या दोन याद्यांकडे बघत होता. मी म्हणालो, "ठीक आहे साहेब, जुळवून देतो."

आईच्या भावाला वाचवलं, असं मी जिना चढताना स्वतःला सांगितलं. तिसऱ्या मजल्यापर्यंत ते पटलं. मग आठवलं की माझ्या कंत्राटाची मुदत शुक्रवारी वाढवायची होती आणि सही शून्यसाहेबांची होती.

ती चूक नव्या प्लॅटफॉर्मवर आणणं सोपं नव्हतं. त्याला एकोणतीस फेब्रुवारी ठाऊक होती, वर्षं नीट मोजता येत होती. त्याला अडाणी करायला मला दोन दिवस लागले. मोजण्याची तयार सोय बाजूला सारून मी माझी वेगळी लिहिली. ती सुबक झाली. मग नियमाप्रमाणे तिची चाचणीही लिहिली: या कर्मचाऱ्याची वर्षं अठ्ठावीस आली तर लाल दिवा, सात आली तर हिरवा. माझ्या बापाला घर मिळत नाही याची खात्री करणारी अकरा ओळींची चाचणी. पहिल्याच फटक्यात हिरवी. मामाने वाचली आणि म्हणाला, "तुझं काम माझ्यापेक्षा स्वच्छ आहे." त्याच्या दृष्टीने ते खरंच कौतुक होतं.

यादी लागली. फरक शून्य. पहिला आला एक मीटरदुरुस्तीवाला, नोकरी सव्वीस वर्षं. भला माणूस. आमच्या घरी चौथ्या मजल्यावर तोंड गोड करायला धापा टाकत आला. बाबांनी त्याचा हात बराच वेळ हातात धरून ठेवला आणि सामान हलवायला येतो म्हणून सांगून टाकलं. माझ्या वतीनेही.

रविवारी आम्ही त्याचं लोखंडी कपाट टेम्पोतून उतरवलं. पुढून बाबांनी धरलं होतं, मागून मी. बाबा उलट्या पावलांनी चालत होते आणि माझ्याकडे बघत होते. चेहरा हलका झाला होता, इतका मी फार वर्षांत पाहिला नव्हता.

"इतकी वर्षं मनात एक होतं," ते म्हणाले. "वाटायचं, त्या मशीनचंच काहीतरी चुकतंय. तुझ्या मामाबद्दलही नाही नाही ते मनात यायचं, खोटं कशाला बोलू. पण आता नव्यानेही तेच काढलं. आणि ते तू केलंयस. म्हणजे माझंच मोजण्यात कुठेतरी चुकत होतं."

मी म्हणालो, "उंबरा आलाय, पाय उचला."