विहीर कुणाची?

शाळा सुटून अर्धा तास झाला होता. मास्तरीणबाई रिकाम्या वर्गात वह्या तपासत बसल्या होत्या, तेवढ्यात वकीलमामा दारात येऊन उभे राहिले. ते बाईंच्या आईचे चुलतभाऊ. आजोळची सगळी शेती आणि सगळा कारभार त्यांच्याच हातात. पंधरा वर्षांत त्यांनी या शाळेची पायरी चढली नव्हती.

"काम आहे तुझ्याकडे," बाकावर टेकत ते म्हणाले. "आमच्या वडिलांची शंभरी आहे. पुस्तिका काढतोय. माळ फोडून शेती उभी केली, खडकातून विहीर काढली, सगळं आलं पाहिजे. तुझी भाषा चांगली. रविवारी भाऊबंदांसमोर तूच वाचायचं."

"लिहिते की मामा," बाई म्हणाल्या. इतक्या चटकन, की मामांनाच नवल वाटलं.

चाळीस वर्षं बाई या बोलावण्याची वाट पाहत होत्या. मामांच्या वडिलांना सगळे थोरले म्हणत. बाईंची आजी त्यांच्या धाकट्या भावाची बायको. विहीर खोदताना सुरुंग अवेळी उडाला आणि आजीचा नवरा जागच्या जागी गेला. दोन वर्षांची मुलगी काठावर बसवून आजीनं पुढची दोन वर्षं त्याच विहिरीतले दगड डोक्यावरून वाहिले. पाणी लागलं आणि महिन्याभरात थोरल्यांनी कागदावर तिचा अंगठा घेतला. निम्मी जमीन गेली. राहायला गोठ्याशेजारचं खोपट मिळालं, खायला सगळ्यांचं झाल्यावर उरेल ते. तिथंच ती तापानं गेली. उशाशी दहा वर्षांची नात होती. तीच ही मास्तरीण.

माहिती घ्यायच्या निमित्तानं बाई आजोळी गेल्या. मामांचा धाकटा भाऊ गेल्या वर्षी वारला होता. त्याची बायको बाईंना सापडली धान्याच्या कोठीत. पोत्यांच्या मधल्या जागेत तिची आणि दोन मुलींची अंथरुणं होती.

"इथं कशाला राहतेस मामी?"

"वरच्या खोलीत भाऊजींचे कागद ठेवायचेत म्हणाले." मामी हसल्यासारखं करत म्हणाली, "रविवारी कार्यक्रम झाला की माझी सही आहे. हक्कसोड का काय ते."

"वाचलास कागद?"

"वाचून काय करू? मुलींचं बघू म्हणालेत."

बाईंची कानशिलं तापली. त्याच कपाळकरंट्या वाटेनं दुसरी बाई चालली होती, आणि वाट दाखवणारं घरही तेच. घरी येऊन त्यांनी लिहायला घेतलं. मामांना पहिली दोन पानंच दाखवली. त्यांत खोटं काही नव्हतं. थोरले कष्टाळू होते, पहाटेपासून रानात राबत. मामा खूश झाले.

रविवारी दुपारी अंगण माणसांनी भरलं. टेबलावर थोरल्यांचा फोटो, शेजारी सहीचा कागद आणि पेन. बाई उभ्या राहिल्या. दोन पानांवर माना डोलल्या, टाळ्या पडल्या. मग त्यांनी सावकाश तिसरं पान काढलं.

"ही विहीर दोघा भावांची. धाकटा तिच्यात मेला. त्याच्या विधवेनं तिचे दगड वाहिले आणि थोरल्यांनी तिला फसवून तिची जमीन घेतली."

विहिरीच्या मालकाच्या तोंडचं पाणी पळालं.

"पुरे!" मामा ओरडले. "खाली बस! पुरावा काय याला?"

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. घाम फुटलेला तो चेहरा त्यांना डोळे भरून बघायचा होता. "घराण्याचा इतिहास हवा होता ना मामा? आता ऐका."

"पुरावा मी आहे," मागून आवाज आला. मामांची थोरली बहीण, ऐंशीला टेकलेली, काठीवर भार देत उठली. "शाईची डबी मी धरली होती. दहा वर्षांची होते. काकू विचारत होती, 'भाऊजी, हे कशाचं?' बाबा म्हणाले, 'तुझ्या पोरीच्या भल्याचं.' मी सगळं ऐकलं आणि आजवर गप्प बसले."

तरीही मामांनी कागद मामीपुढे सरकवलाच. "तू सही कर. या भानगडीशी तुझा काय संबंध?"

मामीनं कागद उचलला, घडी घातली आणि कमरेला खोचला. "आधी वाचते भाऊजी. मला सावकाश वाचायची सवय आहे. वर्षही लागेल."

कुणीतरी फिसकन हसलं. ते हसू मामांना टाळ्यांहून जास्त लक्षात राहिलं असणार.

त्या दिवसापासून बाईंना आजोळचं दार बंद झालं. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. सल एवढाच राहिला, की आजीनं तो चेहरा पाहायला हवा होता. सूड पुरता उगवल्यावरही गोठ्याशेजारी मेलेली बाई उठून येत नाही.

मामीचा निम्मा हिस्सा पुढच्या वर्षी मोजून वेगळा झाला. आता दर आठवड्याला कुणी ना कुणी विधवा पदराखाली कागद घेऊन बाईंकडे येते. बाई ओळ न् ओळ मोठ्यानं वाचतात, एकही शब्द मऊ करत नाहीत. अट एकच. जो दीर किंवा भाऊ तिला सहीला घेऊन निघाला असेल, त्यानं वाचन संपेपर्यंत समोर बसायचं आणि तिच्या डोळ्यांत बघायचं.

बरेचजण पहिल्या पानालाच उठून जातात.