काळ्या लाडवांचे डोहाळे

मालू डहाणूजवळच्या आगर गावी लग्न होऊन आली त्याला वर्ष उलटून गेलं, तरी तिने त्या घरात तोंड उघडून कधी काही मागितलं नव्हतं. कालवण वाढू का विचारलं तर म्हणायची, "उरलं असलं तर वाढा." लुगडं कुठल्या रंगाचं आणू, तर "कुठलंही चालेल." तिची सासू सोनूबाई डहाणूच्या बाजारात मासे विकायची. गिऱ्हाइकाशी तावातावाने भांडायचं आणि मग हसून दोन बोंबील जास्तीचे टाकायचे, असा तिचा खाक्या. अशा बाईला ही मुकी सून म्हणजे मोठं कोडंच होतं.

मालूचं माहेर झाई गावचं. आई लहानपणीच गेली, काकाकडे वाढली. काकी वाईट नव्हती, पण घरात पोरं फार. मागून मिळेल असं ते घर नव्हतं, म्हणून मालूने मागायचं सोडूनच दिलं होतं.

तिला दिवस गेले तेव्हा सोनूबाईला वाटलं, आता तरी बोलेल. शेजारची शांती चिंचा घेऊन आली, कोणी कैऱ्यांचं लोणचं आणलं, कोणी सुकी करंदी, म्हणजे बारीक कोलंबी, भाजून आणली. मालूने सगळ्यांचं थोडं थोडं खाल्लं आणि "चांगलं आहे" म्हणाली.

"अगो, पण तुला काय खावंसं वाटतं?" सोनूबाई विचारायची.

"काही नाही, आय. आहे ते बरं आहे."

सोनूबाई मनातून खट्टू व्हायची. पहिलटकरीण सून घरात आणि तिचे डोहाळे पुरवायची हौस मात्र मनातच राहायची, हे तिला पटत नव्हतं.

तो थंडीचा मोसम होता. पापलेटं चांगली लागत होती. एके सकाळी सोनूबाई चिकूच्या वाडीतल्या इराणी बंगल्यात मासे द्यायला निघाली, तेव्हा तिने मालूलाही बरोबर घेतलं. तेवढंच पोरीला फिरणं. बंगल्याची मालकीण खोरशेदबाई उंचपुरी, चष्मा लावणारी. ती सोनूबाईचं वर्षानुवर्षांचं गिऱ्हाईक होती. मालूला बघून ती म्हणाली, "अरे वा, सोनू, तू तर आजी होणार!" आणि आत जाऊन एका पत्र्याच्या डब्यातून कागदात गुंडाळलेली एक काळी गोळी घेऊन आली. "खा बेटा. नातवंडं मुंबईहून आली होती ना, त्यांच्यासाठी हे लाडू घरी बनवले. हा शेवटचाच उरला."

मालूने ती गोळी तोंडात टाकली. सोनूबाई तेव्हा मासे ताजे आहेत हे पटवायला पापलेटांचे गाल दाबून दाखवण्यात गुंतली होती, त्यामुळे सुनेच्या चेहऱ्यावर काय झालं ते तिने पाहिलं नाही.

कळलं ते आठवड्याभराने. दोघी ओट्यावर बसून जाळ्यातला कचरा काढत होत्या. मालू खाली मान घालून हळूच म्हणाली, "आय, त्या बंगल्यातल्या बाईंनी दिला होता ना, तसला काळा लाडू पुन्हा मिळेल का?"

सोनूबाईच्या हातातलं जाळं खाली पडलं. "काय म्हणालीस?"

"नको, राहू द्या. उगीच आपलं."

"राहू द्या कसं? आता म्हणालीस ते म्हणालीस!" सोनूबाई उठलीच. पदर खोचला, पायात वहाणा घातल्या आणि भर उन्हात चिकूच्या वाडीकडे निघाली. वाटेत जो भेटेल त्याला सांगत होती, "माझ्या मालूला डोहाळे लागले!"

बंगल्याला कुलूप होतं. वाडीत कैनाड गावचा गडी लक्ष्या चिकूंना पाणी देत होता. तो म्हणाला, "बाई मुंबईला गेल्या पोरीकडं. महिन्याभराने येतील."

"महिन्याभराने? तोवर माझी सून काय वाट बघत बसेल? ते काळे लाडू कसे करतात रे? तू बघितलंस?"

लक्ष्याने डोकं खाजवलं. "मी नुसते अक्रोड फोडून द्यायचो. बाई चुलीपाशी काय करायच्या ते नाही बघितलं. पण ती काळी पूड चिमणशेठकडून यायची. आणि लोणी लागायचं, दूध लागायचं."

एवढ्यावर सोनूबाई स्टेशनजवळच्या चिमणशेठ या गुजराती वाण्याच्या दुकानात गेली. चिमणशेठने फळीवरून एक डबा काढला आणि त्यावरची धूळ फुंकली. "कोको जोइए? ए तो बंगलेवाले लोक दुधात घालून पितात. तू काय करणार, सोनूबेन?"

"लाडू वळणार."

"कोकोचे लाडू?" चिमणशेठ हसला. "सारूं. झाले की मला पण आण. अक्रोड मात्र माझ्याकडे नाही, ते मुंबईलाच."

अक्रोड नाहीत म्हणून सोनूबाई थांबली नाही. आगरच्या किनाऱ्यावर बदामाची झाडं होती. त्यांची फळं वाळूत पडून वाळायची, आणि दगडाने फोडली की आत बारीक पांढरा गर निघायचा. तिने आणि शांतीने टोपलीभर फळं गोळा केली आणि ओट्यावर बसून ठोकाठोकी सुरू केली. अंगठे सुजले तरी वाटीभर गर काही जमेना. मग त्यात भाजलेले शेंगदाणे मिसळायचे ठरलं.

पहिल्या खेपेला सोनूबाईने उकळत्या दुधात कोको घातला आणि गोडाला गूळ. गूळ पडताच दूध फाटलं. टोपात तपकिरी पाणी आणि त्यात तरंगणाऱ्या गुठळ्या. तरी तिने त्या गुठळ्या पिळून, त्यात बदाम-शेंगदाणे घालून लाडू वळले आणि मोठ्या आशेने एक मालूच्या हातात ठेवला.

मालूने घास घेतला. हळूहळू चावला. "चांगला आहे, आय."

सोनूबाईने स्वतः एक तोंडात टाकला आणि तोंड वेडंवाकडं करत अंगणात जाऊन थुंकून आली. कमरेवर हात ठेवून मालूसमोर उभी राहिली. "हा चांगला आहे?"

मालूने उरलेला लाडू हातातच फिरवला.

"हे बघ पोरी, मी बाजारात बसते. माझ्या तोंडावर गिऱ्हाईक म्हणतं, सोनूबाय, तुझा मासा शिळा आहे. मी भांडते, पण दुसऱ्या दिवशी ताजा आणते. तू खरं सांगितलं नाहीस तर मला पुढचं कसं जमणार? सांग. कसा आहे?"

मालूने सासूकडे पाहिलं. मग धीर करून म्हणाली, "कडू आहे."

"आणखी?"

"चरचरतो. आणि... आणि औषधासारखा वास येतो."

"आणखी?"

"तो बाईंचा होता ना, तो वरून घट्ट होता. दाताखाली आला की आतून लोण्यासारखा विरघळायचा. हा रबरासारखा आहे, आय."

सोनूबाई खूश होऊन मोठ्याने हसली. "शाब्बास! रबरासारखा! अगो शांती, ऐकलंस का? माझी सून मला नावं ठेवायला लागली!" आणि तिने मालूच्या तोंडावरून हात फिरवून बोटं स्वतःच्या कानशिलावर कडाकडा मोडली.

दुसऱ्या खेपेला मालू स्वतः चुलीशी बसली. गूळ नको, साखर घेऊ म्हणाली. दूध आटवून आटवून त्याचा मऊ खवा केला, त्यात लोणी घातलं, कोको चाळून घातला. टोप उतरवला तेव्हा घरभर असा वास सुटला की शांती परातीतली भाकर तशीच सोडून धावत आली. चव बरोबर होती. मालूने बोट चाटलं आणि डोळे मिटले. "हाच! हाच तो, आय!"

पण लाडू काही वळेना. हातात घेतला की चिखलासारखा बोटांतून ओघळायचा. तासभर वाट पाहिली, तरी तसाच.

"बाईंच्या घरी बर्फाचं कपाट आहे," मालू म्हणाली. "त्यात ठेवत असतील."

सोनूबाई आणि शांतीने एकमेकींकडे पाहिलं. आगरमध्ये कोणाच्या घरी बर्फाचं कपाट नव्हतं, पण बर्फाला काय कमी? मुंबईला जाणाऱ्या पापलेटांसाठी लाद्या यायच्या, गोणपाटात आणि भुशात गुंडाळून. मालूचा नवरा नारू त्या वेळी मासे भरलेली लाकडी पेटी गाडीवर चढवायच्या तयारीत होता. सोनूबाईने त्याला अडवलं, पेटी उघडायला लावली आणि पितळी डबा थेट पापलेटांच्या मधोमध बर्फात खुपसला.

"आय, मुंबईची गाडी चुकेल!" नारू ओरडला.

"चुकली तर दुसरी येईल. तुझ्या बायकोचे डोहाळे दुसऱ्यांदा यायचे नाहीत."

नारू कपाळाला हात लावून पेटीवरच बसला. काही वेळाने डबा काढला तेव्हा आतला ऐवज छान घट्ट झाला होता. सोनूबाईने भराभर गोळ्या वळल्या. पहिली गोळी नारूला दिली, त्याचा राग जावा म्हणून.

नारूने ती खाल्ली, थोडा विचार केला आणि गंभीर चेहऱ्याने म्हणाला, "चांगला आहे पापलेटचा लाडू. वरून थोडं मीठ-मसाला लावून तळला असता तर आणखी बरा लागला असता."

सगळ्यांनी खाऊन पाहिला. खरंच होतं. झाकणातून आत गेलेलं माशांचं पाणी लाडवात पुरतं मुरलं होतं. मग कोणीतरी खळखळून हसायला लागलं. सगळ्यांनी वळून पाहिलं, तर ती मालू होती. पोटाला हात लावून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत ती हसत होती. "पापलेटचा लाडू!" एवढंच तिला म्हणता येत होतं. तिचं असं हसू त्या घराने आजवर ऐकलं नव्हतं. नारू तर गाडीचं विसरूनच तिच्याकडे बघत राहिला.

त्यानंतर मालूला कोणी थांबवू शकलं नाही. ती सासूला हुकूम सोडू लागली. "आय, बदाम आधी भाजा, मग कुटा. जाडसर कुटा, पूड नको." "शांतीताई, लोणी ताजं आणा, कालचं नको." नारूला बजावलं की उद्याचा बर्फ आला की मासे भरायच्या आधी एक तुकडा घरी हवा. तिने डब्याच्या झाकणाभोवती भिजवलेल्या कणकेची वळी दाबून बसवली, म्हणजे पाण्याचा थेंब आत जायला नको. बर्फ धुवून घेतला, मातीच्या मोठ्या भांड्यात रचला, त्यात डबा ठेवला आणि वरून ओलं गोणपाट.

कणीक फोडून झाकण काढलं तेव्हा दारात अर्धी आळी जमली होती. मालूने हाताला लोणी लावून गोळ्या वळल्या, प्रत्येकीत भाजलेल्या बदामाचे तुकडे दाबले आणि कोकोच्या कोरड्या पुडीत घोळवल्या. पहिली गोळी तिने सासूच्या तोंडात घातली.

सोनूबाई डोळे मिटून उभी राहिली. "अगो बाय," ती पुटपुटली. "हे असं असतं होय!" आणि तिने न विचारता दुसरी उचलली.

"आय, डोहाळे मला लागलेत," मालू म्हणाली आणि ताट आपल्याकडे ओढून घेतलं. पुन्हा हशा पिकला.

सातव्या महिन्यात डोहाळजेवण ठरलं. तोवर खोरशेदबाई मुंबईहून परतली होती. सोनूबाई स्वतः आमंत्रण द्यायला गेली आणि घडलेलं सगळं हातवारे करून सांगून आली. खोरशेदबाईने हसून हसून चष्मा पुसला आणि म्हणाली, "मी येणार. पण माझे लाडू घेऊन येणार."

ठरल्या दिवशी तिची मोटार आगरच्या वाळूत रुतली. पोरांनी ढकलून ती बाहेर काढली. बाई हातात डबा धरून चालतच आली आणि बायकांमध्ये चटईवर मांडी घालून बसली. मालू हिरवं लुगडं नेसून, अंगभर फुलांचे दागिने घालून पाटावर बसली होती. लुगड्याचा तो रंग तिनेच निवडला होता. ओटी भरून झाली, गाणी झाली, आणि मग केळीच्या पानावर दोन्ही लाडू शेजारी शेजारी मांडले गेले. एक अक्रोडाचा, एक किनाऱ्यावरच्या बदामाचा.

"आता खरं सांगा, कोणाचा चांगला?" खोरशेदबाईने विचारलं.

एकच गलका उडाला. शांती म्हणाली बाईंचा मऊ आहे. दुसरी म्हणाली मालूचा खमंग आहे. एका म्हातारीने ठरवता येत नाही म्हणून दोन्हीकडचे आणखी दोन दोन खाल्ले. चिमणशेठने आपल्या बायकोला पाठवलं होतं; तिने "आपणो कोको तो एकज छे," म्हणजे दोन्हीत कोको आमचाच, असं म्हणून सगळं श्रेय दुकानालाच दिलं. खोरशेदबाईने मालूचा लाडू सावकाश खाल्ला आणि म्हणाली, "माझ्यात मलई जास्त, म्हणून मऊ. तुझ्यात बदाम भाजलेला, म्हणून वास सुंदर. पुढच्या वेळी माझ्या घरी ये, आपण दोघी मिळून करू. मलई माझी, बदाम तुझा."

"येईन की," मालू म्हणाली. "पण बदाम फोडायला लक्ष्याला बसवा. आमचे अंगठे अजून दुखतात."

जेवायला बसल्यावर खोरशेदबाईने तळलेल्या मांदेल्या दोनदा मागून घेतल्या. बोटांना लागलेला कोको आणि मांदेल्यांचं तेल एकत्र चाटत ती शेजारच्या म्हातारीला झाईच्या आणि आगरच्या गाण्यांतला फरक विचारत होती. म्हातारीने सांगण्याऐवजी गायलाच सुरुवात केली. बायकांनी फेर धरला. काळे झालेले ओठ घेऊन सोनूबाई सगळ्यांच्या पुढे नाचत होती, आणि पाटावर बसलेली मालू टाळ्या वाजवत तिला ओरडून सांगत होती, "आय, जरा हळू! पाय बघा, पाय!"