लाभ, दोन, तीन

मनोहर कारखानीसांची दारू कधी कमीजास्त व्हायची नाही. बंदुकीची दारू म्हणतोय मी. दुसरीला ते शिवतही नसत. आयुष्य जहाजांवर काढलेला चीफ इंजिनिअर, रिटायर होऊन सिंगापुरातच राहिला आणि शंभर वर्षांपूर्वीची दोन हत्यारं जिवापाड सांभाळत बसला: एक रिव्हॉल्व्हर आणि एक लिव्हर ओढून काडतूस चढवायची रायफल. दोन्ही क्लबच्या शस्त्रागारात, कुलपात. घरी नेली असती तर तुरुंग आणि वर फटके. दोन्हींना एकच जुन्या मापाचं काडतूस लागायचं. दुकानात ते मिळत नसे, म्हणून क्लबातल्याच खोलीत, रीतसर परवानगीनं, कारखानीसकाका हातानं भरत.

गेल्या वर्षी, शहाण्णव साली, त्यांची नजर अधू झाली तसा शैलेंद्र मदतीला जाऊ लागला. शिपयार्डातला इंजिनिअर, दादरचा पोरगा. शनिवारी चोआ चू कांगच्या फ्लॅटवरून बसनं जायचा. त्याचं काम सोपं. लाकडी ठोकळ्यात पितळी पुंगळ्या उभ्या करायच्या, काका दारू ओतत जातील तसं लक्ष ठेवायचं, आणि गोळी बसवायच्या आधी प्रत्येक पुंगळीत टॉर्च मारून दारूची पातळी बघायची. बस्स.

त्या शनिवारी पन्नास पुंगळ्या मांडल्या होत्या. काका "लाभ" म्हणाले, पहिल्या पुंगळीत माप रिकामं केलं, आणि तेवढ्यात क्लबचा माणूस सहीचं रजिस्टर घेऊन दारात आला. काका बाहेर गेले. परत येऊन त्यांनी विचारलं, "पहिली झाली का रे?"

"नाही काका, अजून एकसुद्धा नाही."

अरे बाबा! काका बार्शीच्या धान्याच्या दुकानात वाढलेले. तिथे मापाड्या पहिल्या मापाला 'एक' म्हणतच नाही, 'लाभ' म्हणतो, आणि मग दोन, तीन. दादरच्या या पठ्ठ्याला वाटलं, म्हातारा सुरुवातीला देवाचं नाव घेतोय. माप ओतलं तेव्हा तर त्याचं लक्ष दाराकडे होतं.

काकांनी पुन्हा माप भरलं आणि त्याच पहिल्या पुंगळीपासून सुरुवात केली. "लाभ. दोन. तीन. चार..."

आत्ता मात्र शैलेंद्रला खटकलं. एक कुठे गेला? म्हणजे 'लाभ' हाच एक, आणि तो मघाशीही झाला होता? विचारावं असं जिभेवर आलं, पण काका कामात बोललेलं खपवून घेत नसत. मागे एकदा चारचौघांत त्याची बिनपाण्यानं केली होती. म्हटलं, टॉर्च मारताना बघू. आणि टॉर्च हातात आला तेव्हा पाच वाजत आले होते, क्लब बंद व्हायची वेळ, काका खेकसले, "आटप, आटप!" शैलेंद्रनं ठोकळ्यावरून टॉर्च एकदा भर्रकन फिरवला.

"बघितल्या?"

"बघितल्या."

पुढच्या रविवारी सकाळी दुप्पट दारूचं ते काडतूस उडालं आणि काकांच्या हातात रिव्हॉल्व्हर फुटलं. काडतुसांचं चक्र वरच्या बाजूनं उडालं. उजव्या हाताची तीन बोटं गेली, आणि चष्मा असूनही उजवा डोळा गेला.

सिंगापुरात अशी गोष्ट मिटत नाही. पोलीस आले, उरलेली काडतुसं सील झाली. कोणी भरली, कोणी तपासली, सगळं विचारणार. परवाना काकांचा. पण तपासायला दुसरा माणूस होता म्हटल्यावर शैलेंद्रचा सिंगापुरात राहून काम करायचा पास राहील की जाईल, हे सांगायला ज्योतिषी नको. फ्लॅट, मुलीची, ईशाची शाळा, सगळं त्या पासावर. चार रात्री तो झोपला नाही. बायकोला, शिवांगीला म्हणाला, "मी सांगून टाकतो." ती ईशाची वेणी घालत राहिली.

गुरुवारी दुपारी तो हॉस्पिटलात गेला. काकांचं अर्धं तोंड पट्टीत होतं. संजीवनीकाकू पायाशी बसून नवऱ्यावरच कावल्या होत्या. "किती वर्षं सांगतेय, डोळे गेलेत, सोडा ते खेळ! ऐकतील तर शपथ."

काकांनी हातानं त्यांना गप्प केलं. "शैलेंद्र, ते चार वाजता येणार आहेत, जबाब घ्यायला. मला नीट आठवत नाहीये रे. मी तुला मध्ये काही विचारलं होतं का?"

शैलेंद्रनं त्यांच्या पायावरचं पांघरूण सारखं केलं.

"तू टॉर्च मारून बघितलं होतंस ना? पन्नासही?"

सांग ना लेका! समोर म्हातारा एका डोळ्यानं बघतोय, त्याला फक्त खरं हवंय. शैलेंद्रला सगळं सांगायचं होतं, देवाशपथ सांगायचं होतं.

"हो काका. पन्नासही."

"मग तू तपासल्यावरही मीच कुठल्यातरी पुंगळीत पुन्हा माप ओतलं असणार." काकांनी मान टेकली. "चल, सुटला बाबा तुझा जीव. तुझं नावच नको त्यात."

चार वाजता इन्स्पेक्टर आला, सौम्य बोलणारा माणूस. काकांनी सांगितलं, एकट्यानं भरली, चूक माझी. त्यानं लिहून कागद पुढे केला. काकांनी डाव्या हातात पेन धरलं, पण पांघरुणावर कागद सरकायला लागला.

"शैलेंद्र," काका म्हणाले, "जरा धर रे कागद."

त्यानं दोन्ही हातांनी कागद दाबून धरला. काकांनी वेड्यावाकड्या अक्षरांत सही केली, आणि सही पुरी होईपर्यंत त्यानं कागद हलू दिला नाही.