नदीच्या चित्रावरची फुली

लातूर जिल्हा झाला त्याला तीन वर्सं झाली, अन् धड पाऊस पडला न्हाई त्याला दोन. माझी नात शिवम्मा सात वर्सांची. नव्या जिल्ह्याचा डाक्टर म्हणला, "हे डाऊन सिंड्रोम. दुखणं न्हाई, जन्माचंच हाय. बोलंल पोरगी, पर दमानं."

बालवाडीच्या सुमनबाईनं चित्रं काढून दिली. चार चित्रांची एक गोष्ट. चित्र दावायचं अन् पोरगी बोलंस्तोवर थांबायचं. थांबायचं मला कुठलं जमतंय! मी सांगून मोकळी: हत्तीनं पावशेर मिरची खाल्ली, शिंकला, तर उदगीरचा किल्ला हालला.

"रत्नम्मा, सगळं तुमीच बोलताव. तिनं कवा बोलायचं?" सुमनबाई वरडायची.

मंग तोंडात पदर धरून बसाया शिकले. सा महिन्यांत शिवम्मा "हत्ती", "पाणी दे", "अव्वा, खोटं" म्हणाया लागली. अव्वा म्हंजे मी, तिची आजी.

जूनमधी पहिलीत नाव घालाया नेलं. शाळंत लातूरचे साहेब तपासणीला आलेले. म्हणले, "पाच चित्रं ओळखली तर नाव घालू. न्हाई तर घरी न्या."

चार वळखली. पाचव्यात दोन काठ, काठाला झाडं, मधी रिकामं. शिवम्मानं लई येळ पाह्यलं. मी पदर चावून राहिले.

"वाट," ती म्हणली.

साहेबानं फुली मारली. "नदी आहे ती. न्या हिला."

माझं डोस्कंच फिरलं. "ओ साहेब! आमची तेरणा नदी आटली, तिच्यातून दोन वर्सं झाली बैलगाड्या जातेत. आमी बाजाराला तिथूनच जातो. तुमची जीप कुठून आली?"

साहेब कागद चाळाया लागले.

"पोरीला इचारता, आता तुमी बी सांगा की!"

"नदीतून. जवळ पडतं."

"मंग फुली कुणाच्या नावावर मारायची?"

"आजी, नियम असतो..."

"नियम लातूरला ठिवा! मी लबाड हाय, आख्ख्या गावाला ठाव. पर ही पोरगी डोळ्यानं पाह्यलेलंच बोलती."

शिवम्मानं चित्रावर बोट ठिवलं, अन् ह्या टोकाहून त्या टोकाला वढत नेलं. "जीप. घर्र्र. धूळ."

एका दमात एवढं ती कवा बोलली नव्हती. साहेबानं फुली खोडली, नाव लिवलं अन् म्होरं लिवलं: तीन महिने बसवून पाहणे.

पाहणे! बाकीची पोरं काय पाहून घेतली व्हती? शिवम्माला पह्यल्या रांगंत, साहेबाच्या नाकासमोर बसवली अन् मी म्हणले, "तीन महिने आजपासून मोजा."