ड्रोनची पसंती

माझा नवरा स्वानंद कोथिंबिरीची जुडी घ्यायलासुद्धा चार दुकानं पालथी घालतो. तेव्हा ड्रोन घ्यायला तो किती वेळ लावणार, हे मी आधीच ओळखायला हवं होतं. टोकियोतली बँकेची सॉफ्टवेअरची नोकरी सोडून त्याने ड्रोनने इमारतींच्या भिंती तपासून द्यायची कंपनी काढली. तो संचालक, माझ्याकडे हिशेब आणि टोमणे. कंपनीची नोंदणी झाली, व्हिजिटिंग कार्डं छापून आली. फक्त ड्रोन तेवढा नव्हता.

तीन ड्रोन त्याच्या नजरेत होते आणि तिघांची चौकशी तो स्थळं बघितल्यासारखी करत होता. चिनी ड्रोन देखणा, गुणी आणि परवडणारा. पण उद्या चिनी बनावटीवर बंदी आली तर? जपानी ड्रोनचं घराणं चोख, पण मागण्या आमच्या ऐपतीबाहेरच्या. तिसरा शंभर ग्रॅमच्या आतला, म्हणून त्याला नोंदणीची कटकट नाही. पण जरा वारा सुटला की तो टोकियोतल्या आमच्या कोतो भागातून निघून थेट योकोहामाला पोचायचा.

"नियम एकदा स्पष्ट होऊ देत ना, यामिनी," स्वानंद म्हणायचा.

"होतील की. तोवर मी व्हिजिटिंग कार्डं उडवते गॅलरीतून."

मी हसायचे, पण धाकधूक मलाही होती. मार्चपर्यंत पहिलं काम मिळालं नाही तर परत नोकरी धरायची, असं आमचं ठरलं होतं. कंपनी काढल्यापासून हा माणूस सकाळी शीळ घालत उठायला लागला होता. ती शीळ जावी असं मला मुळीच वाटत नव्हतं.

आणि फेब्रुवारीत काम आपण होऊन दारात आलं. आमच्याच वसाहतीत एका इमारतीच्या बाहेरच्या भिंतीवरची टाइल सुटून सायकलस्टँडवर पडली. सगळ्या भिंती तपासायच्या होत्या. परांची बांधायची की ड्रोन उडवायचा, हे रहिवाशांच्या सभेत ठरणार होतं. मंडळाचे अध्यक्ष ओकुबो-सान यांनी स्वानंदला रविवारी माहिती द्यायला बोलावलं.

"एकच ड्रोन दाखव," मी बजावलं. "तिन्ही दाखवू नकोस."

त्याने पडद्यावर तिन्हींचे फोटो दाखवले. प्रत्येकाचे गुण सांगितले, मग आपणहून दोष सांगितले, मग येऊ घातलेल्या नियमांचे तर्क सांगितले. शेवटी अस्खलित जपानीत म्हणाला, "नियमांचं चित्र स्पष्ट झालं की आम्ही योग्य तो ड्रोन निवडू."

सगळ्यांनी अत्यंत अदबीने माना डोलावल्या. इतक्या वर्षांत एक गोष्ट मला कळली आहे: जपानी सभा अशी एकसाथ मान डोलवायला लागली की काम गेलं म्हणून समजावं. मी पर्स आवरायला घेतली.

तेवढ्यात पहिल्या रांगेतल्या मोरिता आजींनी हात वर केला. "तो पडला तर?"

"विमा आहे," स्वानंद म्हणाला. "शिवाय उत्पादकाची हमी असते. आणि सरकारी नियमांप्रमाणे..."

"ते झालं हो. माझ्या गॅलरीत पडला तर येणार कोण?"

स्वानंद हातातले नियमांचे कागद चाळायला लागला. बँकेत त्याच्या प्रत्येक कामावर वरच्या साहेबाचा शिक्का असायचा. हा इतके महिने कशाची वाट बघत होता, ते मला तेव्हा लख्ख कळलं. चूक झालीच तर ती नियमाची असावी, आपली नसावी, एवढंच त्याला हवं होतं. घाबरला होता बिचारा, आणि मी नुसती थट्टा करत होते. मला त्याची फार माया आली.

"मी येईन," तो म्हणाला. "सहा नंबरची इमारत, चौथा मजला. केव्हाही बेल वाजवा."

"आणि उडवणार कुठला?" ओकुबो-साननी विचारलं.

"चिनी. क्लासमध्ये शिकलो मी त्याच्यावर. तो मला नीट उतरवता येतो." मग श्वास घेऊन म्हणाला, "पुढे नियम बदलला, तर सांगायलाही मीच येईन. दुसरा ड्रोन घेऊन."

या वेळी कुणी मान डोलावली नाही. पुढे वाकून लोक आपसांत बोलायला लागले. ओकुबो-साननी वाद वाढू दिला, मग हात वर करायला सांगितलं. परांचीच्या बाजूने दोन-तीनच हात आले.

मोरिता आजी मात्र अजून उभ्याच होत्या. "मंगळवारी मी गाद्या उन्हात घालते. मंगळवारी उडवायचा नाही."

आता हा हवामान, वारा आणि परवानगी यांचे तर्क काढणार, म्हणून मी डोळे मिटले.

"मंगळवारी नाही उडवणार," स्वानंद म्हणाला आणि खाली बसला.