तानबाजवळ बसायचं काम

१९७८ सालच्या जानेवारीत चर्चच्या पाळकसाहेबांनी प्रेमदासला घरी बोलावून सांगितलं, की या रविवारचा उपदेश मंडळीतले बाबाराव करतील. प्रेमदास हिंगणघाटजवळच्या मिशनच्या दवाखान्यात वॉर्डबॉय होता. वय चाळीस, शिक्षण आठवी. येशूनं समुद्रातलं वादळ शांत केलं, त्यावर त्यानं बारा पानांचा उपदेश लिहून ठेवला होता आणि तीन वर्षं संधीची वाट पाहत होता.

"मी काऊन नाई, पाळकसाहेब?"

"तुले देवानं दुसरं काम देलं आहे, प्रेमदास. तू रोग्याजवळ जसा बसतो, तसं कोणाले बसता येत नाई."

"बसणं तं कोणालेई येते," प्रेमदास म्हणाला आणि समोरचा चहा तसाच ठेवून उठला.

बुधवारी सकाळी गिरडकडच्या एका खेड्यातून तानबा नावाच्या शेतकऱ्याला घोंगडीत गुंडाळून आणलं. दोन महिन्यांपूर्वी पिसाळलेला कुत्रा त्याच्या पोटरीला चावला होता. जखम भरली, म्हणून इंजेक्शनं घ्यायला कोणी गेलं नाही. आता पाण्याचा गडवा दिसला की त्याचा गळा आवळायचा. डॉक्टरांनी त्याच्या बायकोला, देवकाबाईला, बाजूला घेऊन सांगितलं की यावर औषध नाही. एखादा दिवस, फार तर दोन. वाऱ्याची झुळूकही त्याला सोसवत नव्हती, म्हणून शेवटच्या खोलीच्या खिडक्यांवर चादरी ठोकल्या. त्याचे हात पट्ट्यांनी खाटेला बांधले.

मग त्या खोलीकडे कोणी फिरकेना. एकाचं पोट दुखायला लागलं, दुसऱ्याला घरी काम निघालं. दुपारी सिस्टर विमलाबाई प्रेमदाससमोर येऊन उभ्या राहिल्या.

"डॉक्टरसाहेब म्हणते, कोणावर जबरदस्ती नाई. पण तो एकटा आहे. त्याची बायको दारातच चक्कर येऊन पडली."

लहानपणी गावात प्रेमदासनं दाराच्या फटीतून असाच एक माणूस मरताना पाहिला होता. तो आवाज तो विसरला नव्हता. शेवटच्या खोलीपर्यंत तो गेला खरा, पण कडीला हात लावेना. 'प्रभू, दुसऱ्या कोणाले पाठव,' तो मनात म्हणाला. व्हरांडा रिकामाच राहिला.

आतून आवाज आला. अगदी शहाण्या माणसाचा.

"कोणी हाये का तिथं?"

प्रेमदासला वाटलं होतं, आत कोणी वेडापिसा असेल. तानबा पूर्ण शुद्धीवर होता. आपल्याला काय होतंय आणि काय होणार आहे, हे त्याला कळत होतं. प्रेमदास आत गेला आणि दार ओढून घेऊन स्टुलावर बसला.

"भाऊ, जाऊ नोको," तानबा म्हणाला. "काही तरी बोल. चूप रायलं का मले लय भेव वाटते."

काय बोलावं? प्रेमदासला त्याचा उपदेशच पाठ होता. त्यानं सुरुवात केली, "एकदा समुद्रात मोठं वादळ उठलं, नाव पाण्यानं भरून..."

'पाणी' हा शब्द कानावर पडताच तानबाचं अंग कमानीसारखं ताणलं गेलं. गळ्याच्या शिरा फुगल्या, तोंडातून फेस आला. पट्टी तुटेल की काय, असं वाटलं. प्रेमदास भिंतीला चिकटून उभा राहिला. झटका ओसरल्यावर तानबा रडत म्हणाला, "हे नोको, भाऊ. बैलाचं सांग. तुमच्या घरी बैल होते का?"

होते. प्रेमदासच्या बापाची एक जोडी होती. त्यातला एक इतका खोडकर, की जू पाहिलं की खाली बसायचा. प्रेमदासनं त्याचं सांगितलं. मग तानबानं आपल्या बैलांचं सांगितलं. मध्ये झटके येत राहिले, वाढत राहिले. एकदा तानबाचा एक हात सुटला. प्रेमदासनं तो धरला, तेव्हा तानबाची लाळ त्याच्या मनगटावरच्या ओरखड्याला लागली. त्याला ते दिसलं. साबणानं हात धुवायला तो मोरीवर गेला, बराच वेळ धूत राहिला, आणि परत येऊन स्टुलावर बसला.

दुसऱ्या दिवशी दुपारी तानबा गेला. देवकाबाई व्हरांड्यात बसली होती.

"त्यायले भेव वाटलं का, दादा?"

खोटं बोलणं प्रेमदासला जमेना. "वाटलं, बाई. मलेबी वाटलं. पण आम्ही दोघं जण होतो."

तिनं त्याचा हात धरला आणि कपाळाला लावला.

त्या लाळेमुळे प्रेमदासला पोटात चौदा इंजेक्शनं घ्यावी लागली, रोज एक. पोट ढोलासारखं टणक झालं. रोज सकाळी तो पेल्यात पाणी घ्यायचा, धडधडत्या काळजानं त्याकडे पाहायचा आणि मग घोट घ्यायचा. इंजेक्शनं संपली तरी ही सवय कित्येक महिने सुटली नाही.

तानबा गेल्यानंतरच्या रविवारी तो पोटावर हात धरून चर्चमध्ये बसला होता. बाबारावांनी उपदेश बरा केला. मध्येच प्रेमदासच्या लक्षात आलं, की आपल्याला बाबारावांचा जरासुद्धा हेवा वाटत नाही. त्याचं त्यालाच नवल वाटलं. गीत सुरू झालं तेव्हा तो इतक्या मोठ्यानं गायला, की शेजारच्या कोकिळाबाईंनी वळून पाहिलं.

मार्चमध्ये सिस्टर विमलाबाई पुन्हा त्याला शोधत आल्या. नलू नावाच्या नऊ वर्षांच्या मुलीला धनुर्वात झाला होता. अंधाऱ्या खोलीत, आवाज न करता, कोणीतरी सतत तिच्याजवळ बसायला हवं होतं.

"जमंल का? हात थरथर कापून राह्यले तुमचे."

"कापू द्या, सिस्टर," प्रेमदास म्हणाला. त्याला हसू येत होतं आणि ते त्याला लपवता येत नव्हतं. "माहं काम हाये ते."

त्यानं पायातल्या चपला दाराबाहेर काढल्या आणि नलूच्या उशाशी जाऊन बसला.